वाघाची बाटी

ती आमच्या अंगणवाडीत पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ होता आणि ती स्वतः जेमतेम पाचाची. कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडली की कृष्णाकाठच्या आमच्या गावाबाहेर ऊसतोडवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे अंधारातच टोळी फडात जाते आणि मागे राहतात ही पोरं, धाकट्यांना सांभाळणारी जरा मोठी पोरं. ही बीडकडच्या एका तांड्यावरची. घरात गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची बोली. आमची मराठी तिला कितपत कळत होती कोण जाणे, कारण तीन आठवडे तिनं एक शब्द काढला नव्हता. हजेरी घेतली की खाली बघायची. खिचडी वाढली की आधी भावाला भरवायची.

माझं माहेर कुडाळजवळ. शेजारच्या पिंगुळीत ठाकर समाजातली माणसं कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या माहेरी केवढा आनंद झाला होता! लहानपणी देवळात तो खेळ बघताना मी बाहुल्यांकडे कमी आणि वर, जिथून दोऱ्या येतात तिथे जास्त बघायची. नाचवणारा हात दिसावा असं वाटायचं, आणि दिसला नाही तेच बरं वाटायचं. माझ्याकडे ना दोऱ्या, ना पडदा. होता तो यजमानांचा एक पिवळा मोजा, त्याला शिवलेली दोन काळी बटणं, तोंडाच्या आत लाल चिंधी आणि अंगावर काळ्या लोकरीचे पट्टे. हा माझा वाघ.

मोज्याची बाहुली करणं सोपं, बोलवणं अवघड. सुरुवातीला मी शब्दागणिक वरची चार बोटं उचलायची, त्यामुळे वाघ सारखा आढ्याकडे बघून बोलायचा. पुढे कळलं की वरची बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा. मग नजर मुलांवर राहते. दुसरं, स्वतः बाहुलीकडे बघायचं. मी मुलांकडे बघितलं की मुलं माझ्याकडे बघतात, मी वाघाकडे बघितलं की तीही वाघाकडे बघतात. पिंगुळीचा पडदा मला असा, मान वळवण्यात सापडला.

त्या दिवशी गोष्ट भोपळ्यातल्या म्हातारीची होती. भोपळा खरा, मावशींच्या परसातला. मावशी म्हणजे आमच्या मदतनीस. म्हातारी म्हणजे लाटण्याला गुंडाळलेला जुन्या लुगड्याचा तुकडा. नाकडोळेही काढले नव्हते. मुद्दामच. चेहरा रंगवला की म्हातारी एकच होते, नाही रंगवला तर ज्याला त्याला आपली आजी दिसते. दुकानातल्या गुळगुळीत बाहुल्या मला म्हणूनच फारशा उपयोगाच्या वाटत नाहीत.

वाघ आला. एकदम पुढे आणला नाही, आधी माझ्या पाठीमागून डोकावू दिला, कारण तीन वर्षांची पोरं दचकतात. म्हणाला, "म्हातारे, म्हातारे, तुला खातो!" म्हातारी म्हणणार होती, "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन," इतक्यात ती मुलगी उठली. भावाला खाली ठेवलं. फ्रॉकच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढली, त्यातल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि सरळ वाघाच्या तोंडात कोंबला.

"बाटी," ती म्हणाली.

खोली चिडीचूप. कोपीवरचाच एक मोठा पोरगा हळूच म्हणाला, "बाई, भाकरीला बाटी म्हणतात आमच्यात."

माझ्या मुठीत ती भाकर होती. पहाटे आई करून, फडक्यात बांधून ठेवून जाते ती. भावासाठीची. परत करावी असं एक मन म्हणत होतं. पण वाघाच्या तोंडातून काढून मी ती परत दिली असती तर वाघ तिथेच संपला असता. मी तोंड मिटलं. वाघानं सावकाश चावली, गिळली आणि जरा नरम आवाजात विचारलं, "बाटी कुणी केली?"

"याडी."

याडी म्हणजे आई, एवढं मला माहीत होतं. वाघानं विचारलं, "कुठंय तुझी याडी?" तिनं खिडकीबाहेर, उसाच्या दिशेनं हात केला. मग बोलायला लागली. मला नाही, वाघाला. भराभर, सगळं गोरबोलीत. मला चार शब्द कळले नसतील. वाघ मान हलवत राहिला आणि मी माझी मान वाघाकडेच ठेवली, कारण त्या क्षणी मी तिच्याकडे बघितलं असतं तर ती गप्प झाली असती, याची मला खात्री होती. आणि माझे डोळे भरले होते, तेही तिला दिसले असते.

गावातली पोरं मात्र गोष्टीवर ठाम. "बाई, वाघ भाकरी खात नाही!" "आता म्हातारीला खाणार नाही व्हय?" "मग भोपळा कशाला आणलाय?" रास्त प्रश्न होते. शेवटी वाघाचं पोट भरलंय, म्हातारीचे पाय दुखतायत, तेव्हा तीच भोपळ्यात बसेल आणि वाघ ढकलत नेईल, असं त्यांनीच ठरवलं. सगळ्यांनी मिळून भोपळा ओसरीपर्यंत टुणुक टुणुक नेला. ढकलणाऱ्यांत ती सगळ्यात पुढे होती.

त्या दुपारी मावशींनी तिच्या भावाला खिचडी जरा जास्त वाढली. मी काही सांगितलं नव्हतं.

मोज्यातून भाकरीचे कण निघेनात. लोकरीच्या टाक्यांत अडकले होते. रात्री पाण्यात भिजवून, उलटा करून वाळत घातला.

सकाळी दार उघडायच्या आधीच ती पायरीवर बसलेली. भाऊ कडेवर. माझ्या तोंडाकडे तिनं अजूनही बघितलं नाही, उजव्या हाताकडे बघितलं.

"वाघ?"

मोजा वाळला नव्हता. तसाच ओला हातात घातला.