पेटीत पडून जे बिघडत नाही

रविवार, रात्र

आज दुपारभर हत्यारांची यादी करत बसलो होतो. पुढच्या दोन-तीन वर्षांत काय बांधायचे ते मनाशी ठरलेले आहे: आधी पुस्तकांचे कपाट, मग एक लांब बाकडे आणि जमलेच तर सामानाची छोटी लाकडी खोली. तिन्ही कामांना लागेल ते सगळे लिहून काढले, समोर किमती मांडल्या आणि बेरीज केली, तेव्हा एवढ्या पैशांत ही तिन्ही कामे सुताराकडून करून घेऊनही काही शिल्लक राहिली असती, हे लक्षात आले. हौस आहे हे कबूल. पण बेरीज पाहून थोडा वेळ गप्पच बसलो.

नवे काय घ्यावे हे ठरवण्याआधी पूर्वी घेतलेल्याचे काय झाले ते पाहावे म्हणून जुनी पेटी उघडली. हाताला पहिले लागले ते बॅटरीवरचे ड्रिल मशीन. ‘पुढे मोठी कामे निघतील’ असे म्हणत चार वर्षांपूर्वी ते दोन बॅटऱ्यांसह घेतले होते. मोठी कामे काही निघाली नाहीत. आता एक बॅटरी चार्जच होत नाही आणि दुसरी आठ-दहा भोके पाडली की मान टाकते. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी तिचे वय वाढतच असते. पूर्ण चार्ज करून उकाड्यात ठेवली तर ती लवकर थकते आणि पार उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली तर कायमची जाऊ शकते. मी एकीच्या बाबतीत पहिली चूक केली, दुसरीच्या बाबतीत दुसरी. खोक्यावर १८ऐवजी २० व्होल्ट लिहिलेले पाहून तेव्हा जास्तीचे पैसे मोजले, तेही आठवले. वास्तविक दोन्हींत ओळीने जोडलेले पाचच सेल असतात; एक आकडा बॅटरीच्या नेहमीच्या विद्युतदाबाचा आणि दुसरा नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा, एवढाच फरक. शिवाय एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला बसत नाही, त्यामुळे पहिले मशीन घेताना पुढची चार मशीनेही आपण न कळत निवडून बसतो.

ड्रिलखाली पांढऱ्या गोंदाची बाटली निघाली. ती घट्ट होऊन तिचा दगड झाला होता. त्याच्याही खाली घरातली जुनी पटाशी होती, जिला मधल्या कितीतरी वर्षांत कोणी हात लावला नव्हता आणि जिच्यावर तपकिरी गंज चढला होता. तेल लावून गंज घासला, २५ अंशांचा उतार सांभाळत ती धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर धरली, आणि तासाभरात तिने लाकडाच्या टोकावरून पातळ, अखंड सालपट काढले. एकाच पेटीत, एकाच दमट हवेत दोन्ही पडून होती. पटाशी तासाभराच्या मेहनतीने उभी राहिली, बॅटरीला मात्र काही इलाज नाही.

मग यादी नव्याने लिहिली. आतापर्यंत ‘गरजेचे’ आणि ‘असले तर बरे’ असे दोन भाग होते, आणि मन कोणतीही वस्तू पहिल्या भागात ढकलायला तयारच असते. आता वाट पाहत थांबू शकणाऱ्या वस्तू एकीकडे लिहिल्या आणि थांबू न शकणाऱ्या दुसरीकडे. बॅटऱ्या आणि गोंद काम सुरू होईल त्याच आठवड्यात घ्यायचे. पटाशा, रंधा आणि क्लॅम्प संधी मिळेल तसे आधी घेतले तरी चालतील. क्लॅम्पवर तर मी मुद्दाम जास्त पैसे ठेवले आहेत, कारण गोंद लावलेला सांधा अर्धा-पाऊण तास तरी आवळून ठेवावा लागतो आणि हाताशी चारच क्लॅम्प असतील तर संध्याकाळ वाट पाहण्यातच जाते. गॉगल आणि धुळीचा मास्क यांत काटछाट करायची नाही. त्यावर विचार करायचेही कारण नाही.

यादीत सर्वांत वर मात्र काटकोन पाहायचा गुण्या आहे. घरातला गुण्या सहज तपासून पाहिला. फळीच्या सरळ कडेला टेकवून एक रेघ ओढली, तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढली, तर ३०० मिलिमीटरवर दोन रेघांत २ मिलिमीटरांचे अंतर पडले. उलटवल्यामुळे चूक दुप्पट दिसते, म्हणजे खरी चूक १ मिलिमीटरची. पण ६०० मिलिमीटर रुंदीच्या कपाटात तीच २ मिलिमीटर होईल आणि दार कधी नीट लागणार नाही. महागडी करवत घेतली असती तरी तिने हीच वाकडी रेघ अगदी सफाईने कापली असती.

शेवटी स्वतःला मर्यादा घातली: हत्यारांचा खर्च हातातल्या कामाला लागणाऱ्या लाकडाच्या खर्चाच्या निम्म्याहून वर जाऊ द्यायचा नाही, आणि हातातले काम म्हणजे सध्या फक्त कपाट. सामानाच्या खोलीसाठी लिहिलेल्या सगळ्या ओळींवर रेघ मारली. खिळे ठोकायच्या मशीनपाशी पेन्सिल जरा रेंगाळली. ते दोन दिवसांपुरते भाड्याने आणता येईल, असे समासात लिहून पुढे गेलो. उद्यापासून फळ्यांची मापे टाकायला घ्यायची होती, पण नवा गुण्या येईपर्यंत ते काम थांबवले आहे.