तुम्ही विचारलंत म्हणून: एका 'बाय'ला आठवडा कशाला?

"मॅडम, एक 'बाय' शिकवायला आठवडाभर कशाला लागतो?" माझ्या इंग्रजीच्या क्लासात 'by' या एका शब्दाला मी आठवडा देते, आणि दर बॅचला हा प्रश्न येतो. फी भरायला आलेले वडील विचारतात, मंडईत भेटलेल्या आया विचारतात, दुसरे क्लासवाले तर हसत विचारतात. पोरांना बोलतं करा, इंटरव्ह्यूची तयारी घ्या, व्याकरण शाळेत झालंय, असं सगळ्यांचं म्हणणं. आजवर मी 'बघू' म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

'बाय'चे बाकीचे अर्थ मीही पळवतच घेते. बसने, हाताने, वजनाने, दहा टक्क्यांनी: बहुतेक ठिकाणी आपला 'ने' काम भागवतो. खिडकीजवळ बसणं हा त्याचा फार जुना, जवळपणाचा अर्थ. साठ बाय नव्वदची चादर सोलापुरात कुणाला शिकवावी लागत नाही, आणि क्रिकेटमधला बाय पोरंच मला समजावतात. निरोपाचा 'बाय' या घरातला नव्हेच. तो 'गुडबाय'मधून आला, आणि त्याच्या मुळाशी 'देव तुमच्याबरोबर असो' असं वाक्य आहे. कर्मणी प्रयोगातला 'बाय' तर शाळेत इतका घोटून घेतलेला असतो की त्याला मी हातही लावत नाही.

अडतं ते तारखेपाशी. 'आठपर्यंत ये' आणि 'आठपर्यंत थांब'. दोन्हीकडे 'पर्यंत', आणि आपलं काही अडत नाही, कारण फरक क्रियापद सांभाळतं. येणं एकदा घडून संपतं, थांबणं चालू राहतं. इंग्रजीला तेवढ्यावर भागत नाही. येण्याला 'बाय एट', थांबण्याला 'अनटिल एट'. 'गड्ड्यापर्यंत', म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेपर्यंत, 'फी देतो' म्हणणाऱ्या वडिलांना 'बाय' लागतो. मुलगी गड्ड्यापर्यंतच क्लासला येणार असेल तर 'अनटिल'. नकार आला की गुंता आणखी वाढतो. 'पाचपर्यंत तो आला नाही' म्हणजे शेवटी पाचला आला, की पाच वाजले तरी त्याचा पत्ता नव्हता? मराठीत पुढचं वाक्य ऐकून ते कळतं. इंग्रजीत तोंड उघडण्याआधी ठरवावं लागतं: पाचला आला असेल तर 'अनटिल', पत्ताच नसेल तर 'बाय'.

आता मूळ कारण. क्लास सुरू करण्याआधी मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात परदेशचा पत्रव्यवहार बघत होते. शेजारच्या टेबलावर सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा होता. घरी तेलुगू, शाळा मराठी, वडील यंत्रमागावर. एका गिऱ्हाइकानं उरलेला माल कधी देता असं विचारलं होतं. मी घरी गेल्यावर मालकांनी त्याला सांगितलं, "वीस तारखेपर्यंत माल देतो म्हणून लिही." त्यानं लिहिलं, 'वी विल सप्लाय यू अनटिल ट्वेन्टिएथ ऑक्टोबर.'

सकाळी उत्तर येऊन पडलं होतं. कळवल्याबद्दल आभार, वीसनंतरची सोय आम्ही दुसरीकडे करतो.

मालकांनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले. "यात चूक काय ते सांगा." मी सांगितलं. त्यांना पटेना. त्यांनी आपलं मराठी वाक्य परत परत म्हणून दाखवलं, आणि त्या वाक्यात खरंच खोट नव्हती. पोरानं ते शब्दाला शब्द उतरवलं होतं. वाचणाऱ्यानं मात्र एवढंच वाचलं की वीसपर्यंत माल मिळेल, पुढे बंद. खुलाशाचं पत्र मी लगेच पाठवलं. ऑर्डर परत आली नाही. महिना संपला तसं त्या मुलाला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं.

शेवटच्या दिवशी टेबल आवरताना तो मला म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी वीस तारखेच्या 'लोगा' म्हणतात. 'वरकू' म्हटलं की वेगळं होतं." त्याच्या आईच्या भाषेत तो फरक शब्दातच होता. लोगा म्हणजे तारखेच्या आत, वरकू म्हणजे तारखेपर्यंत चालू. कन्नडमध्येही 'ओळगे' आणि 'वरेगे' असे दोन आहेत. म्हणजे त्याला ते लहानपणापासून येत होतं! मराठीतून इंग्रजीत जाताना वाटेत सांडलं, आणि शाळेत त्याला कुणी कधी विचारलं नाही की घरी हे कसं म्हणता. मला अजून त्या न विचारण्याचाच राग येतो.

म्हणून आठवडा लागतो. पहिल्या दिवशी मी इंग्रजी काढतच नाही. प्रत्येकानं आपल्या घरच्या भाषेत 'आठपर्यंत ये' आणि 'आठपर्यंत थांब' म्हणायचं. तेलुगू आणि कन्नड घरांतली पोरं, जी एरवी मागच्या बाकावर गप्प असतात, ती त्या दिवशी इतरांना समजावतात. मराठी मुलांना मी 'तारखेच्या आत' हा आपलाच शब्द पुन्हा हातात देते. 'आत' बसला की 'बाय', नाही बसला की 'अनटिल'.

ऑर्डर त्या एका शब्दामुळेच गेली असं मी छातीठोक सांगणार नाही. आमचा दर चढा होता, गिऱ्हाइकाला निमित्तच हवं असेल. मीच पूर्वी म्हणायचे, समोरच्याला कळलं म्हणजे झालं. ते आजही सगळं खोटं वाटत नाही. 'टिल फ्रायडे करून देतो' म्हटलं तर आपल्याकडे कुणाचा गैरसमज होत नाही. पण हे समोरासमोर बोलताना. कागद परदेशी गेला की तिथे तुमचा आवाज नसतो. लेटर ऑफ क्रेडिटची, म्हणजे माल घेणाऱ्याच्या वतीनं बँक पैशाची जी लेखी हमी देते तिची, यूसीपी ६०० ही नियमावली बघा. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सची, १ जुलै २००७ पासून लागू. तिच्या तिसऱ्या कलमात लिहून ठेवलंय की माल जहाजावर चढवायच्या मुदतीत 'टू', 'अनटिल', 'टिल', 'फ्रॉम', 'बिट्वीन' असेल तर दिलेली तारीख धरायची, 'बिफोर' आणि 'आफ्टर' असेल तर सोडायची. तोच 'फ्रॉम' हुंडीची मुदत मोजायला आला तर तारीख सोडायची. आमचा 'बाय' त्या यादीत नाहीच. मोठमोठ्या बँकांना अशा चिमुकल्या शब्दांसाठी कलम लिहावं लागलं, आणि मी आठवडा घेतला तर जास्त होतो?

एका वडिलांनी मात्र मला अडवलं. ते म्हणाले, "मॅडम, वाचणाऱ्यानं एकदा उलट विचारायचं नव्हतं का?" घेणारा विचारत बसत नाही, विकणाऱ्यालाच जपून लिहावं लागतं, असं मी म्हणाले. सांगताना मलाच ते अपुरं वाटलं. न कळलेलं परत कसं विचारायचं, हेही शिकवायला हवं, आणि त्याला वेळ कुठून काढायचा ते माझं ठरत नाही. 'बाय'चा आठवडा मात्र त्यासाठी कमी करणार नाही.