द्राक्षं, आणि थोडं लिंबू

गुरुवार, रात्री साडेअकरा

एवढीशी गोष्ट, पण तीन दिवस घशात अडकलीय.

सोमवारी ऑफिसची सगळी वरात वाइन चाखायला एका तळघरात. पिंपांच्या मधे उभं करून एकेकाला विचारत होते, काय लागतंय? कुणी म्हणालं जर्दाळू, कुणी ओला दगड. (ओला दगड चाटलाय कुणी?) माझी पाळी आली आणि मी म्हटलं, द्राक्षं. हसले सगळे. कुजकं नव्हे, लाडानंच हसले. तेच बोचलं. सतरा वर्षं जर्मनीतल्या या ड्युसेलडोर्फात काढून मी अजून लाडानं हसण्याजोगीच.

नचिकेत म्हणतो, विसर गं. त्याला काय.

भिंतीवर एका चित्राची प्रत होती. हसू ओसरेपर्यंत मी तिच्याकडेच बघत राहिले. घरी येऊन शोधलं. योहान पेटर हासेनक्लेव्हर, १८४३, 'डी वाइनप्रोबे', म्हणजे वाइनची चाखणी. मूळ चित्र बर्लिनला आल्टे नॅशनलगॅलरीत, चित्रकार मात्र इथलाच. अंधारं तळघर, मेणबत्तीचा उजेड, वाइन चाखणारे पोक्त गृहस्थ. चेहरे असे, की वाइन नाही, कुणाच्या तरी पोरीची पत्रिका बघताहेत.

याच माणसानं १८४० मध्ये योब्सची परीक्षा रंगवली होती. योब्स म्हणजे एका जुन्या विनोदी काव्यातला उनाड विद्यार्थी. तो उत्तर देतो आणि समोरचे परीक्षक माना हलवतात. अरे, ही तर सोमवारचीच मंडळी! तीन वर्षांत फक्त हातात पेले आले.

मग वाचलं, की खुद्द हासेनक्लेव्हरलाही इथल्या कला अकादमीचे संचालक शाडो यांनी, तुझ्या अंगात ही कला नाही, असं सुनावलं होतं. तो गेला आपल्या गावी, रेम्शाइडला, स्वतःचं स्वतः शिकला, परत आला. परीक्षकांचे चेहरे त्याला इतके पाठ का, ते तेव्हा कळलं. निदान आज मला तसं वाटून घ्यायचंय.

दादा बागेत घडाच्या शेंड्याचा मणी तोडायचे. गोडी तिथं सगळ्यात शेवटी उतरते. दातानं फोडायचे, साल थुंकायचे आणि म्हणायचे, "अजून चार दिवस." बस. जर्दाळू त्यांना कधी लागलं नाही. तासगावची ती बाग आता... नको, ते आज नको.

बरं, सोमवारची ती रीसलिंग वाइन द्राक्षांसारखी लागली तर माझं चुकलं काय? काही नाही. पण मग हसू थांबायच्या आत मी घाईघाईनं "आणि थोडं लिंबू" असं कशाला जोडलं? लिंबू मला अजिबात लागलं नव्हतं. शेजारणीच्या तोंडचं उचललं होतं. तीन दिवस त्यांच्या हसण्यावर खापर फोडतेय आणि आत सलतंय ते हे लिंबूच.

आता चित्रातल्या त्या पोक्तांकडे बघते तर वाटतं, यातल्या दोघांनी तरी लिंबू उसनं घेतलं असणार. कोण ते ओळखत बसले आणि साडेबारा वाजले. पुढच्या महिन्यात चीज आहे म्हणे.