तिथंच थांब

परवा दुपारी मोबाइलवर मॅच बघत होतो. शेवटची ओव्हर. बोलर अजून रनअपच्या टोकाला चेंडू पँटवर घासतोय, तेवढ्यात शेजारच्या घरातून एकच आरोळी. झालं! चेंडू सुटायच्या आत षटकार गेल्याचं मला कळलं. त्यांच्याकडे टीव्ही, माझ्याकडे इंटरनेट, मध्ये वीसेक सेकंद. षटकार मग पाहिला, पण उत्तर बघून सोडवलेल्या गणितासारखा.

भागीदारी जमली की कुणी जागा सोडायची नाही, हा आमच्याकडचा जुना कायदा. 22 एप्रिल 1998. शारजात वाळूचं वादळ शमून खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात पोचलो होतो. दादा खेकसला, "तिथंच थांब, हलू नकोस!" सचिन मारत सुटला आणि मी उंबरठ्यावर. पायांना मुंग्या आल्या, तांब्या या हातातून त्या हातात घ्यायचीही सोय नाही. 143 वर तो बाद झाला तेव्हा मी नाक खाजवत होतो, हे दादा अजून विसरलेला नाही. (ती मॅच आपण 26 धावांनी हरलो होतो. फायनल गाठली म्हणून हे कुणाच्या लक्षात नाही. नाकाचं मात्र आहे.)

आता मी हलेपर्यंत विकेट पडूनही गेलेली असते. नाक खुशाल खाजवावं. इतकं बिनमहत्त्वाचं मला कधीच वाटलं नव्हतं.

भाच्याला यातलं काही कळत नाही. तो हायलाइट्स बघतो. त्याला टेनिसमधली 2010 ची इसनर-माहू मॅच सांगितली: विंबल्डनला तीन दिवस, 11 तास 5 मिनिटं, शेवटचा सेट 70-68, स्कोअरबोर्डसुद्धा 47-47 ला बंद पडला. म्हणाला, "पण त्यात झालं काय?" खरं सांगायचं तर सर्व्हिस. नुसती सर्व्हिस. आता तर शेवटच्या सेटलाही टायब्रेक असतो, म्हणजे बरोबरी झाली की एका छोट्या गेमवर निकाल, त्यामुळे तसं काही होणारही नाही.

काल पुन्हा मॅच होती. पहिली आरोळी आल्याबरोबर मोबाइल ठेवला आणि शेजारची बेल वाजवली. काकांनी दार उघडलं, माझ्याकडे न बघताच.

"तिथंच थांब," म्हणाले. "दोन विकेट राहिल्यात."