चैत्र अमावास्या, नाथसागर

चैत्र अमावास्येला आम्ही मित्र पैठणजवळ नाथसागराच्या काठी आकाशगंगेचे फोटो काढायला ट्रायपॉड लावतो. पहाटे दोन-तीनच्या सुमारास दक्षिणेला वृश्चिकाची नांगी चांगली वर आलेली असते आणि तिच्या शेजारीच आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा. माझी लेन्स 18 एमएमची, कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा. 18 सेकंदांपुढे शटर उघडं ठेवलं की तारे ओघळतात, ठिपक्यांच्या रेघा होतात. म्हणून लागोपाठ 16 फोटो रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) काढायचे, घरी सगळ्या फोटोंतले तारे एकमेकांवर जुळवून सरासरी घ्यायची, हेच स्टॅकिंग. नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, चौथाईवर येतो! (जमिनीचं स्टॅकिंग वेगळं करा, नाहीतर काठावरच्या बाभळी पुसट होतात.) एडिटिंगमध्ये आकाश जांभळं करणं मला मुळीच पटत नाही. क्षितिजावरचा धुळीचा पिवळसरपणा आपल्या उन्हाळ्याचाच आहे, तो स्लायडरने घालवू नका.