फाईलला कीड लागली का रे?

मामांची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, मी राहायला सातपूरला, त्यामुळे रविवार आला की गाडी काढायची आणि बागेत. गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) डाऊनी या बुरशीजन्य रोगाचं टेन्शन असतं, रात्री पान किती तास ओलं राहिलं हे कळलं तर फवारणी ठरवायला बरं, म्हणून सेन्सरचा एक डबा बनवून मांडवाला टांगला. दर १० मिनिटांनी वेळ, तापमान, आर्द्रता आणि पानाचा ओलावा मेमरी कार्डावर लिहायचा, एवढंच काम.

आणि लिहायचा कसा, तर बायनरीत, म्हणजे आकडे अक्षरांत न छापता कच्च्या बाइटमध्ये. कारण काय, तर हुशारी! टेक्स्टमध्ये तारखेसकट एक ओळ ३३ बाइटची होत होती, आणि स्ट्रक्ट (कोडमध्ये एका नोंदीचे सगळे आकडे एकत्र ठेवणारा गठ्ठा) जसाच्या तसा लिहिला तर ९ बाइट: वेळेला ४, तापमानाला २ (दहाने गुणून, म्हणजे ११.४ चे ११४), आर्द्रतेला १, ओलाव्याला २. शिवाय डब्यातल्या आर्डुइनो युनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर दशांश आकडा स्प्रिंटएफ या फंक्शनने टेक्स्टमध्ये छापायला गेलं की नुसतं प्रश्नचिन्ह येतं, ती कटकटही वाचली. घरी पायथनची छोटी स्क्रिप्ट, चकाचक चालू होतं.

मग युनो काढून ईएसपी३२ हा दुसरा बोर्ड लावला. कोड तोच, एक अक्षर बदललं नाही.

पुढच्या रविवारी मामांनी कार्ड काढून रीडरने मोबाईलला लावलं, फाईल उघडली आणि म्हणाले, "हे काय रे, फाईलला कीड लागली का?" मी म्हटलं मामा, ती अशीच दिसते, तुम्ही राहू द्या, घरी गेलो की व्हॉट्सॲपवर टाकतो. घरी गेलो, स्क्रिप्ट चालवली, तर पहिल्या ओळीत वेळ बरोबर, तापमान बरोबर, आर्द्रता ९३ बरोबर आणि ओलावा ३९९३६! दुसऱ्या ओळीपासून तर वर्षं पण कुठलीही. सेन्सरमध्ये पाणी गेलं असणार असं धरून मी दुपारभर डबा खोलून बसलो, हेअर ड्रायर मारला, बायको हसत होती.

संध्याकाळी लक्षात आलं की दर चौथी ओळ (ओलावा सोडून) परत नीट दिसतेय आणि तिची वेळ आधीच्या नीट ओळीपेक्षा बरोबर ३० मिनिटांनी पुढे आहे. युनो ८ बिटचा, तो सगळे बाइट चिकटवून ठेवतो. ईएसपी३२ ३२ बिटचा, तिथे कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) आकड्यांच्या मधे रिकामे बाइट घालतो, त्याला पॅडिंग म्हणतात, आर्द्रतेनंतर १ आणि शेवटी २, झाले १२. मी वाचतोय ९ ने, लिहिलंय १२ ने, ३६ बाइटला दोघांची गाठ पडते. आणि ३९९३६ म्हणजे खरं ४१२ च होतं, त्याचा खालचा बाइट, म्हणजे १५६, पुढे सरकून २५६ पट झालेला. डेटा सगळा शाबूत, गेला फक्त माझा रविवार.

यात वाचवलं किती ते पण बघा, दिवसाला १४४ नोंदी म्हणजे टेक्स्टमध्ये वर्षाचे साधारण १.७ एमबी, बायनरीत अर्धा एमबीसुद्धा नाही, आणि कार्ड ८ जीबीचं! एका फोटोएवढ्या जागेसाठी ही सगळी उठाठेव. वर बॅटरीची वायर हलून नोंद अर्धवट राहिली तर टेक्स्टमध्ये एक ओळ जाते, बायनरीत त्यापुढचं सगळं घसरत जातं.

बायनरी वाईट असं नाही हां. घड्याळाच्या मॉड्यूलवर जी ४ केबीची ईईप्रॉम (वीज गेली तरी डेटा ठेवणारी छोटी मेमरी) असते तिथे मी अजून ९ बाइटच लिहितो (आता पॅडिंग बंद करून), कार्ड सैल झालं तर बॅकअप म्हणून. तिथे टेक्स्ट २१ तासही पुरत नाही, बायनरी तीन दिवस जाते.

कार्डावर मात्र आता साधी सीएसव्ही (स्वल्पविरामाने वेगळे केलेले आकडे असलेली टेक्स्ट फाईल), पहिली ओळ मराठीत: वेळ, तापमान, आर्द्रता, ओलावा. मामा बागेतच मोबाईलवर बघतात, मला फोन पण करत नाहीत. फक्त औषधाच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर तीच फाईल एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी परत कीड. त्यावर उपाय म्हणजे फाईलच्या सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट लिहायचे, मग एक्सेलला कळतं की हे यूटीएफ-८ (मराठीसकट सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) आहे. म्हणजे अखेर टेक्स्ट फाईलमध्ये पण तीन बाइट न दिसणारे घालावेच लागले, मामांना अजून सांगितलेलं नाही.