न घेतलेल्या कर्जाची नोटीस
आज आईच्या नावावर वसुलीची नोटीस आली, ४८,००० रुपये लोन थकलंय म्हणे, आणि आईनं आयुष्यात कुणाकडून दहा रुपये उसने घेतले नाहीत, बिचारी घाबरून नुसती बसून राहिली. तिला म्हटलं, एक रुपया भरायचा नाही. मग तिचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तिच्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढला, वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात ते लोन खरंच दिसलं, पॅन कुणीतरी वापरलाय! लगेच ही नोंद चुकीची आहे असा डिस्प्यूट टाकला, ३० दिवसांत सोडवला नाही तर तक्रार करणाऱ्याला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. लोन देणाऱ्या कंपनीला लेखी विचारलं, सही दाखवा, पैसे कुठल्या खात्यात गेले ते दाखवा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रारही केली. तरी रात्री साडेआठला एजंटचा फोन, संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे! फार संताप आला. आई अजून जेवली नाहीये.